अंगठ्याचा डाग

परातीतला पांढरा चेंडू कोणी हात न लावता हलला, आणि रविवारच्या बाजारातली सगळी गलबल थांबली. भाजीवाल्या उठून उभ्या राहिल्या. ज्यांना पुढे जागा नव्हती ते बैलबंडीच्या चाकावर चढले.

"देखो, लोहा जाग रहा है," लोहसिद्ध महाराज म्हणाले.

महाराजांच्या हातात एक वाकड्या टोकाची काठी होती. वरपासून खालपर्यंत लाल कापडात गुंडाळलेली, टोकाला शेंदूर. ती काठी चेंडूपासून चार बोटांवर आली की पितळी परातीत चेंडू डुगडुगायचा आणि तिच्याकडे यायचा. काठी डावीकडे गेली की तोही डावीकडे. बायांनी हात जोडले.

"थो काठीले ओळखून राहिला गा," मागून कोणीतरी म्हणालं.

"पहचानेगा ही. बेटा, चेंडूला आई असते, काठीला बाप असतो. सोई हुई काठी से मारोगे तो चेंडू झाडीत जाईल. जागी हुई काठी से मारोगे तो सीधा गड्ड्यात. ज्ञान का काम नहीं, हाथ का काम नहीं, सब लोहे की कृपा."

आता तुम्ही म्हणाल, बाबा लोक मुलं देतात, गुप्तधन देतात, दमा बरा करतात. हा चेंडू आणि काठीचा बाबा कुठून निघाला? तर त्याचं असं आहे. भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेला ही मँगनीजची खाण. गोरे साहेब गेले, पण जाताना खाणीजवळच्या माळावर आपला गोल्फचा खेळ सोडून गेले. माळावर दूरदूर अंतरावर खणलेले गड्डे, भोवती काळं तेल शिंपडून दाबलेली वाळू, आणि कमीत कमी फटक्यांत चेंडू गड्ड्यात घालायचा. नंतर आपले साहेब तो खेळू लागले, आणि त्यांच्या काठ्यांच्या पिशव्या उचलणारी गावची माणसं बघून बघून शिकली. दरवर्षी सव्वीस जानेवारीला कामगारांचा सामना व्हायचा. त्यात साहेबांच्या लोखंडी काठ्या चालत नसत. गावकरी जंगलातून वेळू मुळासकट खणून आणायचे, मुळाची गाठ तासून तिचं टोक करायचे.

आणि ती काठी बापानेच करायची असा तिथला रिवाज होता. मुलगा मोठा झाला की बाप त्याच्या हातात काठी द्यायचा, डावा अंगठा कुठे पडतो ते बघायचा, आणि तापलेल्या सळईने तिथे डाग द्यायचा. पुढे कितीही वर्षं खेळला तरी अंगठा त्या डागावर. डाग घासून गेला तर बाप पुन्हा द्यायचा.

हा सगळा माळ ज्याला पाठ होता तो मारोतराव. गोऱ्या साहेबाच्या वेळेपासून पिशव्या उचललेल्या. आता धाप लागायची, खांदा उतरला होता, म्हणून घराच्या ओट्यावर बसून असायचा. त्याचा मुलगा घनश्याम खाणीच्या खड्ड्यात रोजंदारीवर. त्या साली कंपनीने सांगितलं होतं की सामना जिंकेल त्याला माळाचा मुकादम म्हणून कायम घेऊ. मारोतरावाचा जीव त्याच गोष्टीत अडकला होता. पिशव्या नसत तेव्हा तोही खड्ड्यात राबलेला, आणि तिथल्या काळ्या धुळीने त्याच्या छातीचा भाता झाला होता. पोराने मोकळ्या हवेत यावं, बस्स, दुसरं काही त्याला नको होतं.

पण घनश्याम मागच्या दोन्ही सामन्यांत हरला होता, आणि हरला की त्याचा राग काठीवर निघायचा.

"ह्या बांबूत दमच नाही, बा," तो म्हणायचा. "साहेबाची काठी दे माह्या हातात, मंग पाय."

"काठी तुले काय करते, पोरा? तू मारता मारता मुंडी वर करतं. चेंडू कुठी गेला ते पाहाची तुले घाई. आधी मार, मंग पाय. अन् मुठी आवळू नोको. लेकराचं बोट धरतो तशी धर."

हे मारोतराव इतक्यांदा म्हणाला होता की घनश्यामच्या कानात ते शिरायचंच बंद झालं होतं. घरचं माणूस रोज सांगतं त्याला आपण कटकट म्हणतो. तेच एखादा जटावाला म्हणाला की उपदेश.

त्या बाजारच्या दिवशी घनश्याम गर्दीत सगळ्यांत पुढे होता. महाराजांनी त्याच्याकडे टक लावून पाहिलं आणि बोट केलं.

"तू. तेरी गर्दन उठती है."

घनश्याम आणखी पुढे सरकला.

"मारायच्या आधी मान उठते. उजव्या हातात गुस्सा आहे. दो बार हारा है. तेरी काठी तुझे खा रही है."

"यायले कसं माईत?" घनश्याम शेजारच्याला म्हणाला.

गर्दीत निर्मलाबाई होत्या. मूळच्या साकोलीच्या, खाणीच्या शाळेत शिकवायच्या. त्या पुढे आल्या. "महाराज, तो चेंडू जरा माझ्या हातात द्या बरं."

"स्त्री के स्पर्श से लोहा सो जाता है."

बाईंनी शेजारच्या म्हाताऱ्याकडे बोट केलं. "मग या श्यामरावांच्या हातात द्या. ते पुरुष आहेत."

"आज अमावस्या के बाद का दिन है," महाराज म्हणाले आणि चेंडू झोळीत गेला. लोक बाईंवरच चिडले. शिकली म्हणून काही मानत नाही, असं बायाबायांत झालं.

संध्याकाळी घनश्याम आपली काठी घेऊन महाराजांच्या पालाशी गेला. महाराजांनी ती घेतली. जुनी काठी नदीत सोडतो म्हणाले, आणि चार दिवसांनी लाल कापडातली सिद्ध काठी त्याच्या हातात दिली. घनश्यामने ती धरून दोनदा हवेत फिरवली. उंची बरोबर, हातात बसायला बरोबर, जशी काही त्याच्यासाठीच जन्मलेली.

"ही तं माहीच वाटते, महाराज."

"तेरी ही है, बेटा. लोहे ने तुला निवडलं. पण व्रत आहे. कापड उघडायचं नाही. रोज पहाटे माळावर जाऊन मारायचं, आणि मनात म्हणायचं, सिर झुका, नजर टिका, बच्चे की उंगली समझ के पकड. मंत्र कोणाला सांगायचा नाही. आणि ज्याने तुला जुनी विद्या दिली त्याच्याशी सामन्यापर्यंत एक शब्द बोलायचा नाही. जुनी विद्या जिभेवरून परत शिरते."

"म्हंजे बा संग बोलाचं नाही?"

"काठी चाहिए के बाप?"

असल्या प्रश्नाला खरं म्हणजे पाठ फिरवून घरी यायचं असतं. घनश्यामने मान डोलावली.

त्या दिवसापासून एका घरात राहून मुलगा बापाशी बोलेना. मारोतराव विचारायचा, "जेवला का?" घनश्याम ताट घेऊन आत जायचा. "आज माळावर दव होतं का?" घनश्याम गप्प. जनाबाई, त्याची माय, मध्ये पडायची, "अरे, बाप विचारून राहिला, दगडाले तरी पाझर फुटते." तो ओठांवर बोट ठेवून बाहेर निघून जायचा. एकदा मारोतरावाने त्याची बाही धरली. "घनशाम, बोल ना गा. शिव्या दे पाहिजे तं, पन बोल." घनश्यामच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने बाही सोडवून घेतली. त्याच्या मते तो हे बापासाठीच करत होता. मुकादमी मिळाली की धो धो बोलू, असं त्याने स्वतःशी ठरवलं होतं.

आणि गंमत अशी की खेळ सुधारला. रोज पहाटे, धुकं असताना, एकटा, गुमान, मान खाली, मूठ ढिली. चेंडू सरळ जायला लागला. गावात बोभाटा झाला. महाराजांच्या पालासमोर काठ्या घेऊन रांग लागली. कोणी तांदूळ आणले, कोणी कोंबडा. कोंढ्याहून पाहुणे आलेले एक गृहस्थ तर स्वतः खेळत नव्हते, तरी घरात असावी म्हणून एक काठी घेऊन गेले.

संक्रांतीच्या सुमारास एका सकाळी घनश्याम माळावर असताना जनाबाई पळत आली. मारोतराव ओट्यावरून कलंडला होता. तोंड वाकडं झालेलं, उजवं अंग लुळं. खाणीच्या दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, जीव वाचेल, बोलणं मात्र परत येईल असं दिसत नाही.

घनश्याम महाराजांकडे धावला. "महाराज, आता तरी बोलू का मी बा संग?"

"अभी तोडेगा तो काठी सोएगी. बाप का और बुरा होगा."

म्हणून बाप खाटेवर पडून त्याच्याकडे बघत असताना तो पायाशी बसून राहिला, पाय चेपले, पाणी पाजलं आणि एक अक्षर बोलला नाही. मारोतरावाला सगळं ऐकू येत होतं. ऐकायला काही नव्हतं, एवढंच.

सव्वीस जानेवारीला घनश्याम जिंकला. शेवटच्या गड्ड्यात चेंडू पडला तेव्हाही त्याची मान खालीच होती. टाळ्या ऐकून त्याला कळलं. साहेबांनी हार घातला. लोकांनी महाराजांनाच खांद्यावर घेतलं, आणि महाराजांनी तिथेच परात मांडली. गर्दी तर होतीच, नव्या गिऱ्हाइकांचा दिवस वाया का घालवा.

पांढरा चेंडू हलला. हात जोडले गेले. आणि निर्मलाबाई पिशवी घेऊन पुढे आल्या.

"महाराज, तुमच्या काठीची पूजा करायची आहे," त्या म्हणाल्या. महाराज खूश झाले. बाईंनी पिशवीतून मूठभर टाचण्या काढल्या आणि फुलं वाहावीत तशा काठीच्या शेंदरी टोकावर टाकल्या. एकही खाली पडली नाही. सगळ्या तिथेच चिकटून उभ्या राहिल्या.

"लोहे की भक्ति," महाराज घाईने म्हणाले.

"असं का? मग माझ्या शाळेतही एक देव आहे." बाईंनी घोड्याच्या नालेसारखा लोहचुंबक काढला आणि परातीजवळ नेला. चेंडू महाराजांना सोडून बाईंच्या मागे निघाला. पोरं हसायला लागली.

महाराज चेंडू उचलायला वाकले, पण श्यामराव आधी वाकले. हे मारोतरावाच्या बरोबरीचे, त्यांनीही जन्मभर पिशव्या उचललेल्या. त्यांनी चेंडू हातात तोलला. "हा गोल्फचा चेंडूच नोहे. लाकूड हाये." दगडावर आपटला तेव्हा पांढऱ्या रंगाचा पापुद्रा निघाला, लाकूड दुभंगलं आणि आतून बारीक खिळे सांडले. काठीचं कापड फाडलं तर टोकात रेडिओच्या भोंग्यातला गोल चुंबक बसवलेला. पितळेच्या परातीला चुंबक चिकटत नाही, म्हणून परात पितळेची. एवढंच ते लोखंडाचं जागणं.

लोक वरमले. पण माणसाला एकदा मान तुकवली की ती सरळ करायची लाज वाटते. टेकचंद नावाचा एक दुकानदार म्हणाला, "परातीचं सोडा, बाई. घनशाम जितला थे तं खोटं नाही ना? सिद्ध काठीनंच जितला."

"हो, जिंकला ते खरंच," बाई म्हणाल्या. "आण रे घनश्याम तुझी काठी." त्यांनी तिच्या टोकावर टाचण्या टाकल्या. सगळ्या मातीत पडल्या. "हिच्यात तर चुंबकसुद्धा नाही. मग तू जिंकलास कसा? काय करत होतास रोज?"

"व्रत करत होतो. मंत्र म्हनत होतो."

"कोणता मंत्र?"

"सांगाचा नाही."

"सामना संपला, घनश्याम. आता काय बिघडणार आहे?"

घनश्यामने महाराजांकडे पाहिलं. महाराज झोळी आवरत होते. मग त्याने हळू आवाजात म्हटलं, "सिर झुका, नजर टिका, बच्चे की उंगली समझ के पकड."

श्यामराव पुढे आले. "अबे, हे तं मारोतरावचं बोलणं हाये. मुंडी खाली, नजर चेंडूवर, लेकराचं बोट धरतो तशी धर. सारा माळ जाणते. यानं निस्तं हिंदीत सांगतलं तुले."

"पण महाराजाले कसं माईत?"

"माईत कसं नसंल? बाजाराच्या आधी दोन दिवस तुमच्याच ओट्यावर चहा पीत बसला होता. तू कामावर होता, मीबी होतो. तरी बाजारात मलेबी चमत्कारच वाटला. मारोतराव भोळा माणूस, खेळाचं नाव काढलं की सुटला. माहा पोरगा मुंडी वर करते, दोनदा हारला, सारं यालेच सांगत बसला."

"म्हणून बापाशी बोलायचं नाही," निर्मलाबाई म्हणाल्या. "बाप-लेक बोलले असते तर एका दिवसात चोरी उघडी पडली असती."

घनश्याम मटकन खाली बसला. काठीवरचं लाल कापड त्याने नखांनी ओरबाडलं. खाली लाखेचा थर होता, तो दगडाने फोडला. टोकाशी वजनाला गुंडाळलेला शिशाचा पत्रा निघून पडला. आत वेळू होता. तासलेली मुळाची गाठ. आणि मुठीच्या जागी, जिथे त्याचा डावा अंगठा पडायचा तिथे, सळईचा काळा डाग.

महाराज मागच्या मागे रस्त्याकडे निघाले होते, त्यांना पोरांनी अडवलं, आणि पोलीस पाटलांनी पुढचं बघितलं. त्यांच्या पालात गावातल्याच काठ्या निघाल्या, अर्ध्या लाल कापडात, अर्ध्या कापडाची वाट बघत. ज्याची त्याला परत विकायची, म्हणजे हातात बसते.

घनश्यामला ते काही दिसलं नाही. गळ्यात हार तसाच घेऊन तो घरी गेला. मारोतराव खाटेवर उशाला टेकून होता. घनश्याम त्याच्याजवळ जमिनीवर बसला आणि काठी त्याच्या पुढे धरली.

"बा," तो म्हणाला. कितीतरी दिवसांनी त्या घरात हा शब्द निघाला होता. "बा, काठी तुहीच होती. मंत्रबी तुहाच होता. मले ओळखू नाही आला."

मारोतरावाच्या घशातून नुसता आवाज आला. घनश्याम रडायला लागला. जनाबाई चुलीपुढून उठून आली.

"त्याले माईत होतं," ती म्हणाली.

"काय माईत होतं?"

"पह्यल्याच हप्त्यात तू आंगणात पुटपुटत होता, थे तुह्या बानं आयकलं. मले म्हने, जने, हे तं माहंच बोलणं हाये. मी म्हनलं, मंग जा, सांगा त्याले, थो बाबा लबाड हाये. तं म्हने, राहू दे. माह्या तोंडून पोरानं कधी आयकलं नाही, त्याच्या तोंडून आयकून राहिला. मुंडी खाली राहाले पाहिजे. सांगणारा कोनी का असेना."

"मंग बोल, बोल म्हनून मांगे काहून लागे माह्या?"

"बाप होय ना थो," जनाबाई म्हणाली आणि पदराने तोंड झाकलं.

घनश्यामने मान वर करून बापाच्या तोंडाकडे पाहिलं. वाकड्या ओठांतून काहीतरी यायला बघत होतं आणि येत नव्हतं. मग मारोतरावाने आपला धड असलेला डावा हात हळूहळू उचलला, घनश्यामच्या मानेवर ठेवला आणि ती खाली दाबली. जनाबाईला वाटलं, आशीर्वाद देऊन राहिले. घनश्यामला कळलं. बाप अजून शिकवतच होता, आणि आता त्याच्याजवळ तेवढाच एक हात उरला होता.

मारोतराव पावसाळ्यापर्यंत जगला. बोलला नाही. घनश्याम रोज त्याच्याजवळ बसून बोलायचा, माळावरचं दव, कोणाचा चेंडू कुठे गेला, सगळं. उत्तर यायचं नाही.

घनश्याम मुकादम झाला. पुढे गावातली पोरं त्याच्याकडे खेळ शिकायला यायची, आणि दर साली एखादा तरी विचारायचा, "काका, काठी कोणती घेऊ? भंडाऱ्याहून लोखंडाची आणू का?" तो आपली वेळूची काठी त्याच्या हातात द्यायचा आणि डागावर अंगठा ठेवायला लावायचा. मग जे सांगायचा ते निर्मलाबाईंनी परातीपुढे दाखवलं त्यापेक्षा वेगळं नव्हतं.

"कोणतीबी काठी घे. काठीत काही नसते. कोनी म्हनलं असते, तं म्हना, कापड काढून दाखव. बाबा असो, साहेब असो, मी असो, विचारा, काहून? कसं? जो उघडून दाखवत नाही त्याच्या मांगे लागू नोका." मग काठी परत घेताना म्हणायचा, "अन् घरी कोनी शिकवत असंल, कटकट वाटत असंल, तरी त्याच्या संग बोलत जा. थो बोलू शकते तोवर बोलत जा."

पोरं हो म्हणायची आणि चेंडू मारून लगेच मान वर करून बघायची, कुठे गेला ते.